त्वचेचा कर्करोग: कुणाची त्वचा, कुणी तपासायची?

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कला लागून असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात जुलै २००३ ते जून २००४ या काळात एक मोठा प्रयोग झाला. वीस वर्षांवरच्या ३,६०,२८८ माणसांनी टाळूपासून तळपायापर्यंतची सगळी त्वचा डॉक्टरांकडून तपासून घेतली. बहुतेकांना कसलाही त्रास नव्हता. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. लक्षणं दिसण्याआधीच कर्करोग पकडता येतो का आणि तसा पकडल्याने माणसं वाचतात का, हे त्यातून पाहायचं होतं.

वरवर पाहता यात प्रश्न पडण्यासारखं काही नाही. ही तपासणी करायला रक्त काढावं लागत नाही, क्ष-किरण लागत नाहीत, पोटात नळी घालावी लागत नाही. चांगला उजेड, दहा-पंधरा मिनिटं आणि सरावलेली नजर पुरते. मग जगातल्या प्रत्येक देशाने प्रत्येक नागरिकाची त्वचा दर दोन वर्षांनी का तपासू नये? जर्मनीने यावर ‘तपासूच’ असं उत्तर दिलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ‘पुरावा अपुरा आहे’ असं सांगितलं. जगात हा आजार सर्वाधिक आढळणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या ऑस्ट्रेलियाने सरसकट तपासणीची वाट धरलीच नाही. या तिन्ही उत्तरांमागे विचार आहे आणि महाराष्ट्राला त्या तिन्हींतून घेण्यासारखं काही आहे. त्यांतलं एखादं जसंच्या तसं उचलून मात्र आपलं भागणार नाही.

तीन वेगळे आजार

‘त्वचेचा कर्करोग’ या एका नावाखाली मुख्यतः तीन आजार येतात आणि त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत. गोऱ्या लोकांत सर्वाधिक दिसतो तो बेसल सेल कर्करोग. तो हळू वाढतो, जागच्या जागी पोखरतो, पण शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो आणि त्याने मृत्यू येणं फारच विरळ. दुसरा स्क्वॅमस सेल कर्करोग. तो वेळीच काढला तर बरा होतो. दुर्लक्ष झालं तर लसीकाग्रंथींपर्यंत जातो आणि जिवावरही बेततो. तिसरा मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून तो सुरू होतो. संख्येने कमी, पण त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये मोठा वाटा त्याचाच.

मेलॅनोमाचं भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या जाडीवर ठरतं. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना गाठ काढली, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेली, की चित्र फार बदलतं. ‘लवकर शोधा’ या आग्रहाला खरा आधार या मिलिमीटरांचा आहे.

सरसकट तपासणीची कसोटी

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी सरसकट तपासणी कधी करावी, याचे निकष लिहिले. आजार महत्त्वाचा असावा, त्याची सुरुवातीची अवस्था ओळखता यावी, तपासणी लोकांना मान्य असावी, निदानानंतर उपचाराची सोय असावी, खर्च परवडावा, अशी ती यादी आहे. त्वचेची तपासणी यातल्या अनेक अटी सहज पूर्ण करते. अडचण येते ती सर्वांत कठीण प्रश्नावर: तपासणी केल्याने मृत्यू खरोखर टळतात का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आकडे हमखास फसवतात. पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत एक प्रवासी पुण्याला चढला, दुसरा कर्जतला. दोघं मुंबईला एकाच क्षणी उतरणार आहेत. पण गाडीत बसून किती वेळ झाला असं विचारलं, तर पहिल्याचा प्रवास मोठा निघेल. आजाराचं निदान दोन वर्षं आधी झालं आणि मृत्यू ठरल्या वेळीच आला, तरी ‘निदानानंतर जगलेली वर्षं’ दोनाने वाढलेली दिसतात. म्हणून ‘तपासणीत सापडलेले रुग्ण जास्त काळ जगतात’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. एकूण लोकसंख्येत त्या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले का, हेच पाहावं लागतं.

आणखी एक गोम आहे. नियमित तपासणीत संथ वाढणाऱ्या गाठी जास्त सापडतात, कारण त्या वर्षानुवर्षं तशाच बसून असतात. झपाट्याने वाढणारा मेलॅनोमा दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच उगवून पसरू शकतो. म्हणजे तपासणीच्या जाळ्यात नेमके कमी धोक्याचे रुग्ण अधिक अडकतात.

जर्मनी: सगळ्यांना तपासून पाहिलं

श्लेस्विग-होल्स्टाइनच्या त्या वर्षात राज्यातल्या पात्र लोकसंख्येपैकी सुमारे १९ टक्के लोक आले. पहिली तपासणी बहुतेकदा घरच्या डॉक्टरांनी केली. त्यासाठी त्यांना आठ तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. शंका आली की रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जाई. एकूण १५,९८३ ठिकाणची त्वचा कापून प्रयोगशाळेत पाठवली गेली. त्यातून ३,१०३ घातक गाठी सापडल्या. त्यांपैकी ५८५ मेलॅनोमा होते, उरलेल्यांत मोठा भाग बेसल सेलचा. म्हणजे एक मेलॅनोमा शोधायला साधारण ६२० माणसं तपासावी लागली आणि सत्तावीस-अठ्ठावीस ठिकाणी सुरी चालवावी लागली.

काही वर्षांनी मृत्यूंचे आकडे आले तेव्हा जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कान टवकारले. २००८-०९ पर्यंत त्या राज्यात मेलॅनोमाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. शेजारच्या भागांत अशी घट नव्हती. दरम्यान, १ जुलै २००८ पासून जर्मनीने संपूर्ण देशासाठी हीच योजना लागू केली होती: ३५ वर्षांवरच्या प्रत्येक विमाधारकाला दर दोन वर्षांनी त्वचेची मोफत तपासणी. असं करणारा तो जगातला पहिला देश.

यापुढचं वळण मला सर्वांत बोलकं वाटतं. देशभर योजना सुरू होऊन पाच वर्षं झाली, तरी जर्मनीतले मेलॅनोमाचे मृत्यू घटले नाहीत. त्याहून आश्चर्य म्हणजे श्लेस्विग-होल्स्टाइनमधला मृत्युदरही हळूहळू पूर्वीच्या पातळीवर परतला. २०१५ मध्ये बोनिओल, ओटिए आणि गांदिनी या संशोधकांनी हे आकडे मांडले आणि मोठा वाद सुरू झाला.

काही संशोधकांनी मृत्यूच्या नोंदींकडे बोट दाखवलं. मृत्यूचं कारण दाखल्यावर कसं लिहिलं जातं, कोणत्या सदरात टाकलं जातं, यातल्या बदलांमुळेही अशी घट दिसू शकते. शिवाय छोट्या राज्यात मेलॅनोमाचे मृत्यू मुळात कमी. लाखामागे एक-दोन. इतक्या लहान आकड्यांत थोडा चढ-उतार झाला तरी टक्केवारी भरारी घेते. घट जितक्या लवकर दिसली, तेवढ्या लवकर तपासणीचा फायदा दिसणंही अवघडच. आणि देशव्यापी योजनेत पहिल्या प्रयोगातली शिस्त, प्रसिद्धी, तज्ज्ञाने दुसऱ्यांदा पाहण्याची चोख व्यवस्था हे सगळं तसंच राहिलं का, हाही प्रश्न आहे. योजना आजही चालू आहे. एकदा दिलेली मोफत तपासणी काढून घेणं कोणत्याही सरकारला सोपं नसतं. म्हणून माझं मत असं, की पुराव्याची वाट आधी पाहावी आणि हक्क नंतर द्यावा.

ऑस्ट्रेलिया: आधी ऊन, मग नजर

ऑस्ट्रेलियात गोऱ्या त्वचेची माणसं कडक उन्हाच्या प्रदेशात राहतात. त्यामुळे तिथे हा आजार घरोघरी ठाऊक आहे. १९८१ मध्ये तिथे दूरदर्शनवर एक नाचरा समुद्रपक्षी आला. त्याचा संदेश: सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला. ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ हे शब्द तिथल्या पोराबाळांच्या तोंडी बसले. पुढे सावलीत जा आणि गॉगल लावा हे दोन सल्ले त्यात आले. शाळांच्या अंगणात सावली केली गेली, टोपीशिवाय मुलांना मैदानात सोडायचं नाही असे नियम झाले. त्वचा तांबूस करायला कृत्रिम अतिनील किरण देणारी व्यावसायिक केंद्रंही नंतर बंद केली गेली. तरुण ऑस्ट्रेलियनांमध्ये मेलॅनोमाचं प्रमाण घटताना दिसतं, ते या दीर्घ मेहनतीचं फळ मानलं जातं.

सरसकट तपासणीबद्दल मात्र तिथे सावधपणा आहे. क्वीन्सलंड राज्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक खरी कसोटी आखली गेली होती. ४४ वस्त्यांपैकी निम्म्यांत तपासणीची मोहीम, निम्म्यांत नाही, आणि पंधरा वर्षांनी मृत्यूंची तुलना. कुठे मोहीम होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे निकालाबद्दल शंका उरणार नाही. पहिल्या टप्प्यात १६,३८३ तपासण्या झाल्या, त्यात ३३ मेलॅनोमा सापडले. आणि मग निधी थांबला. पूर्ण प्रयोग झालाच नाही. त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीने मृत्यू टळतात का, याचं उत्तर देऊ शकणारा चिठ्ठ्यांचा असा एकही मोठा प्रयोग अजून पूर्णत्वाला गेलेला नाही. त्या एका निधीच्या निर्णयाने जगाचं फार मोठं नुकसान झालं, असं मी मानतो.

म्हणून ऑस्ट्रेलियात मधला मार्ग आहे. प्रत्येकाने आपली त्वचा ओळखून ठेवायची आणि काही बदलल्यास डॉक्टरांना दाखवायचं. ज्यांना धोका फार जास्त आहे, त्यांची सहा-सहा महिन्यांनी संपूर्ण तपासणी करायची. आधी मेलॅनोमा झालेले, अंगावर भरपूर तीळ असलेले आणि घरात हा आजार असलेले लोक यात येतात. त्यांच्या सबंध शरीराची छायाचित्रं काढून ठेवतात आणि दर वेळी जुन्या-नव्याची तुलना करतात.

अमेरिका: हो नाही, नाहीही नाही

अमेरिकेत प्रतिबंधक सेवांबद्दल सल्ला देणारं तज्ज्ञांचं एक स्वतंत्र मंडळ आहे. २००९, २०१६ आणि पुन्हा एप्रिल २०२३ मध्ये त्याने त्वचेच्या तपासणीचे पुरावे तपासले. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच: लक्षणं नसलेल्या माणसांची डॉक्टरांनी नुसत्या नजरेने केलेली तपासणी फायद्याची की तोट्याची, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. लोक याचा अर्थ ‘तपासणी निरुपयोगी’ असा लावतात. तसं ते मंडळ म्हणत नाही. वेगळा तीळ दिसला, जुना तीळ बदलला, तर दाखवायलाच हवं. तो सल्ला कुणीच नाकारलेला नाही. त्याच मंडळाने २०१८ मध्ये ६ महिने ते २४ वर्षं वयाच्या गोऱ्या त्वचेच्या मुला-तरुणांना उन्हापासून बचावाचा सल्ला द्यावा, अशी स्पष्ट शिफारस केली आहे.

पिट्सबर्ग परिसरातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेने ३५ वर्षांवरच्या ५,९५,७९९ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांची त्वचा नेहमीच्या भेटीत तपासली गेली. तपासलेल्यांत पातळ मेलॅनोमा जास्त सापडले. पण जाड, जिवावर उठणाऱ्या मेलॅनोमाचं प्रमाण त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. पातळ वाढले आणि जाड घटले, तर समजावं की आपण जाड होऊ शकणारे वेळीच पकडले. नुसते पातळच वाढले, तर त्यातले बरेचसे कधीच जाड झाले नसते, अशी शंका घ्यावी लागते.

जास्त सापडलं म्हणून जास्त वाचले, असं नाही

या शंकेला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत १९७५ पासून मेलॅनोमाच्या निदानाचं प्रमाण सुमारे सहा पटींनी वाढलं. मृत्यूंचं प्रमाण मात्र दीर्घकाळ जवळपास तेवढंच राहिलं. आजार खरोखर सहा पटींनी वाढला असता तर मृत्यूही वाढायला हवे होते. वेल्श, मेझर आणि ॲडमसन यांनी २०२१ च्या आरंभी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं की यामागे जास्त तपासण्या, जास्त तुकडे काढणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कमी संशयालाही कर्करोग म्हणण्याची वाढती प्रवृत्ती आहे.

तुकडा तपासला की निकाल पक्का, हा आपला समजही थोडा तपासून घ्यावा लागतो. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात १८७ विकृतिशास्त्रज्ञांना त्वचेचे २४० नमुने वाटून दिले गेले. साधे तीळ आणि उघड पसरलेला मेलॅनोमा यांबद्दल बरंच एकमत झालं. मधल्या अवस्थेच्या नमुन्यांत मात्र दोन तज्ज्ञांचं जुळेना. इतकंच नव्हे, काही महिन्यांनी तोच नमुना त्याच तज्ज्ञाला दिला, तर त्याचं स्वतःचं मतही अनेकदा बदललं. सरसकट तपासणीत नेमके असे मधल्या अवस्थेचे नमुने ढिगाने येतात.

यात माणसाचं नुकसान होतं. अंगावर व्रण राहतो, विम्याचा हप्ता वाढू शकतो, आणि ‘मला कर्करोग झाला होता’ हे वाक्य जन्मभर सोबत राहतं. ज्याचा जीव वाचला त्याला ही किंमत क्षुल्लक वाटेल, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला तो डाग आयुष्यभर छळणारच नव्हता, त्याच्याकडूनही आपण ती वसूल करतो. आणि या दोघांतला कोण कोणता, हे कधीच सांगता येत नाही.

२०१० च्या दशकात आणखी एक गुंता वाढला. २०११ नंतर मेलॅनोमावर प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं आली आणि अमेरिकेत २०१३ नंतर मृत्यू झपाट्याने घटले. आता मृत्यू कमी झाले तर श्रेय तपासणीचं की औषधांचं, हे वेगळं काढणं कठीण झालं आहे.

नजर, भिंग आणि संगणक

डाग ओळखायची सर्वांत परिचित पद्धत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडली: डागाचे दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकसारखा नसणं, व्यास सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणं. २००४ मध्ये ‘बदल’ हा पाचवा निकष आला, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये याहून सोपी युक्ती सुचवली. एका माणसाचे तीळ साधारण एकाच घराण्याचे असतात, म्हणून बाकीच्यांपासून वेगळा दिसणारा तीळ आधी पाहा.

नुसत्या नजरेपेक्षा डर्मोस्कोप नावाचं उजेडाचं भिंग निश्चित सरस आहे. त्वचेच्या पृष्ठभागाची चकाकी घालवून ते आतली रंगद्रव्याची नक्षी दाखवतं. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात याचा हिशेब आहे. निरोगी डागांपैकी ८० टक्के डाग बरोबर सोडून द्यायचे असं धरलं, तर नजरेने ७६ टक्के मेलॅनोमा पकडले जातात, भिंगासह ९२ टक्के. पण हे भिंग वापरायला शिकावं लागतं. न शिकता वापरलं तर त्याचा फारसा उपयोग नाही.

संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मोठी आशा आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे १,२९,००० छायाचित्रांवर शिकवलेली प्रणाली २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. पुढे २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेची छायाचित्रं अशा प्रणालींना दाखवली, तेव्हा सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. ज्या चित्रांवर त्या शिकल्या, त्यात आपल्यासारखी त्वचा फारशी नव्हती. मोबाइलवर फोटो काढून ‘धोका नाही’ असं सांगणारी ॲप्स आपल्याकडे कुणी वापरत असेल, तर हे लक्षात ठेवायला हवं. ‘धोका नाही’ हे उत्तर चुकलं तर माणूस डॉक्टरकडे जाणंच टाळतो.

आपल्याकडे कुठे पाहायचं

भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे. आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य उन्हापासून बरंच संरक्षण देतं. त्यामुळे पाठीवरचे तीळ मोजणारी जर्मन पद्धत इथे आणली, तर हजारो निरोगी माणसांना सुरीखाली जावं लागेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. ३० वर्षांवरच्या सर्वांसाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, त्वचेची नाही. तो निर्णय योग्य आहे.

मात्र दुर्मीळ म्हणजे नाहीच असं नव्हे, आणि जिथे होतो तिथे तो भलत्याच जागी होतो. गडद त्वचेत मेलॅनोमा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या बोटाच्या नखाखाली मेलॅनोमा झाल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यातच त्यांचा अंत झाला. आपल्याकडे तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने तासला जातो, नखाखालची काळी रेघ दार लागल्याचं रक्त समजून सोडली जाते. मार लागलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं. रेघ जागच्या जागी राहून रुंद होत असेल किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर काळेपणा पसरत असेल, तर ती दाखवायलाच हवी. मेलबर्न किंवा सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे. तिथल्या जाहिरातींतले खांद्यावरचे तीळ पाहताना पायाचा तळवा राहून जायला नको.

दुसरी जागा जुना व्रण. भाजल्याचा वण, वर्षानुवर्षं वाहणारी जखम, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरचा खोल व्रण, यांत कधी कधी स्क्वॅमस सेल कर्करोग सुरू होतो. अशा व्रणाला फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलाँ यांचं नाव आहे. काश्मीरमध्ये फिरन या सैल झग्याच्या आत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसण्याच्या सवयीने पोटावर आणि मांड्यांवर असाच कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेलं आहे.

तिसरी जागा थेट महाराष्ट्राची: कंबर. १९४५ मध्ये मुंबईतले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी धोतर कमरेला घट्ट आवळून नेसल्याने, एकाच जागी वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे परकराच्या नाडीच्या जागी स्त्रियांमध्ये तसाच कर्करोग दिसला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक नऊवारीखाली परकराची नाडी करकचून बांधायची. दुसरी परकर न घालता लुगडं नेसायची. दोघींच्या कमरेवरची जखम वर्ष-दोन वर्षं भरली नव्हती, आणि एकीच्या जांघेतल्या ग्रंथीपर्यंत कर्करोग पोचला होता.

नाडीच्या जागी कातडी काळवंडणं, खाजणं, सोलवटणं हे बहुतेक बायकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यातल्या फार थोड्यांना कर्करोग होतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. नाडी सैल बांधावी, रुंद पट्टा वापरावा, बांधण्याची जागा बदलत राहावी. करगोटा रुतत असेल तर तोही सैल करावा. पण तिथे जखम झाली आणि चार आठवड्यांत भरली नाही, तर ते साधं सोलवटणं समजू नये.

जन्मतः त्वचेत, केसांत आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसलेल्या माणसांना मात्र उन्हाचा धोका खरा आणि मोठा आहे. त्यांची त्वचा नियमितपणे तपासायलाच हवी. कोड हा वेगळा विकार आहे. कोड म्हणजे कर्करोगाची पायरी नव्हे, आणि कोड असलेल्यांना तशी भीती घालणं अन्यायाचं आहे.

महाराष्ट्रात हे कोण करेल

तज्ज्ञांची शिबिरं भरवून तीळ पाहण्यापेक्षा इथे वेगळी वाट उपलब्ध आहे. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई आणि त्यांच्यासोबतचे पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन लोकांची त्वचा पाहतातच. बायकांना बाई पाहते, पुरुषांना पुरुष, म्हणून कमरेपर्यंतची, मांडीची त्वचा दाखवायला संकोच कमी होतो. असंसर्गजन्य आजारांसाठी आशाताई भरतात त्या तक्त्यातही कुष्ठरोगाच्या दृष्टीने चट्टे, गाठी, तळहात-तळपायावर पुन्हा पुन्हा होणारे व्रण यांबद्दल प्रश्न असतात. त्यांत तीन गोष्टी वाढवाव्यात असं मला मनापासून वाटतं: कमरेवर न भरणारी जखम आहे का, भाजल्याच्या जुन्या वणावर नवी जखम किंवा मांस वाढलं आहे का, आणि तळव्यावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग आहे का. हे प्रश्न विचारायला मिनिटसुद्धा लागत नाही. यात निरोगी माणसांवर सुरी चालवण्याचा धोकाही फारसा नाही, कारण न भरणारी जखम तशीही तपासायलाच हवी असते.

खरी अडचण पुढे आहे. आशाताईने जखम दाखवली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण कुठे जाणार? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्थानिक भूल देऊन जखमेच्या कडेचा लहान तुकडा काढता आला पाहिजे. तो फॉर्मेलिनमध्ये घालून जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि अहवाल रुग्णाच्या हातात परत आला पाहिजे. ही साखळी नसेल तर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कारण सोय नसताना आजार दाखवून दिला, तर माणूस नुसता भीतीत राहतो. म्हणून आधी काही तालुक्यांत ही साखळी उभी करावी, किती जखमा दाखवल्या, किती तुकडे तपासले, किती कर्करोग निघाले आणि किती रुग्ण उपचारापर्यंत पोचले याची नीट नोंद ठेवावी, आणि मगच ती राज्यभर न्यावी.

रुग्णाने आणि घरच्यांनी यात एक गोष्ट आग्रहाने धरावी. जुन्या व्रणातला कर्करोग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे एकाच जागेचा तुकडा कधी कधी दिशाभूल करतो. अहवालात ‘कर्करोग नाही’ असं आलं आणि तरीही जखम भरत नसेल, कडा उंच आणि कडक होत असतील किंवा जखमेतून घाण वास येत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा, दुसऱ्या कडेचा तुकडा घ्यायला सांगावं.